गोटे ऐकणारा चूपमामा

चूपमामाच्या जीपमध्ये बसणाऱ्याला एक गोष्ट सक्तीची होती. रपटा आला की तोंड बंद. नुसतं तोंडच नाही. टेप बंद, मोबाईल बंद, बायांनी एका हातातल्या बांगड्या दुसऱ्या हाताने धरायच्या, आणि कोणाच्या पिशवीत कोंबडी असली तर तिच्यावर फडकं टाकायचं. मग मामा इंजिन बंद करायचा, खाली उतरायचा, पाण्याच्या काठाशी उकिडवा बसायचा आणि डोळे मिटून कान द्यायचा. गाडीत आठ-दहा माणसं श्वास धरून बसलेली आणि हा गडी नदीपुढे कौल लावल्यासारखा बसलेला. नवख्या माणसाला हसू फुटायचं. मामा मागे वळूनही न बघता म्हणायचा, "चूप!" त्यावरून त्याचं हे नाव पडलं. खरं नाव मतदारयादीत असेल, आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही.

आमचं गाव केनवडच्या पुढे, आत. गावाला बाहेर पडायला एकच वाट, आणि त्या वाटेवर नदी. नदीवर पूल म्हणावा असं काही नव्हतं. सिमेंटचा एक आडवा ओटा होता, त्याला आम्ही रपटा म्हणायचो. कठडा नाही. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड, त्यातले निम्मे पडलेले. वर कुठे पाऊस झाला की पाणी रपट्यावरून वाहायचं, आणि ते घोट्याएवढं आहे की मांडीएवढं हे गढूळ पाण्याकडे बघून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मामा म्हणायचा, "डोयाले वरचं पाणी दिसते. पाण्याच्या पोटात काय चालू हाये ते कानालेच समजते." जोर असला की पाणी तळचे गोटे लोटत नेतं, आणि ते एकमेकांवर आपटून आतल्या आत खडखडतात. तो आवाज इतका बारीक की शेजारी कोणी खोकला तरी हरवतो. मामा ऐकायचा आणि उठून दोनपैकी एक निकाल द्यायचा. "गोटे चूप हायेत" म्हटलं की गाडी निघायची. "गोटे बोलून राह्यले" म्हटलं की गाडी उलटी फिरायची, मग आत कलेक्टर बसलेला का असेना.

याचा अर्थ मामा गाण्यांचा वैरी होता असा नाही. उलट, वाशीमच्या स्टँडवर सगळ्यात ठणठणीत टेप त्याच्याच काळी-पिवळीत होता. टेपच्या बटणाला त्याने लाल दोरा गुंडाळला होता, अंधारातही बोट बरोबर तिथेच पडावं म्हणून. सपाट रस्त्यावर गाणं वाजायचं, मामा मान डोलवायचा, आणि रपट्याच्या उतारावर लाल दोऱ्याकडे हात जायचा. मी शाळकरी असताना एकदा विचारलं, "मामा, ऐकायले कान पाहिजेत हे समजलं. पण तुमी उताराच्या आधीच काहून बंद करता?"

मामाने मला हिशोबच घातला. "केनवड फाट्यापासून आपलं गाव किती येते?"

"अर्धा तास."

"ढोलकीचं गाणं लागलं असलं की पाच मिनटं आधी येते. रस्ता थोच, गाडी थेच, मीबी थोच. मंग थे पाच मिनटं कोनं चालोली?"

मामाने आपल्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं. "गाणं लागलं की हा पाय माहा राहत नाही, गाण्याचा होते. माणसाले वाटते आपुन ठरोलं. आपुन कायचं ठरोते! आवाज ठरोते." पुढे मी शिक्षक झालो, प्रशिक्षणांना गेलो, मेंदू आणि एकाग्रता यांवर मोठमोठ्या साहेबांची भाषणं झोप आवरत ऐकली. त्या पाच मिनिटांच्या पलीकडचं मला कोणी काही सांगितल्याचं आठवत नाही.

हे शहाणपण मामाला फुकट मिळालेलं नव्हतं. तरुणपणी तो पीत होता, आणि हे तो लपवत नसे. कुठल्याशा जत्रेत पैसे लावायच्या चक्रीचा खेळ होता. चक्री फिरली की घंटा वाजायची, शेजारी डफडं, वर भोंगा. मामा म्हणे त्या दिवशी थेंबही न घेता उभा होता. "दारू पेलेला माणूस तरी खाली पडते, बाबू. मी उभ्या उभ्या पडलो." घंटा वाजली की हात खिशात जायचा. खिसा संपला तेव्हा मामीच्या चांदीच्या तोरड्या, ज्या तिने जत्रेत हरवतील म्हणून त्याच्याकडे ठेवायला दिल्या होत्या, त्या चक्रीवर गेल्या. मामी रडली नाही, भांडली नाही. परत येताना बैलगाडीत नुसती चूप बसली. "त्या चूपीत मले समजलं मी काय केलं थे," मामा सांगायचा. त्यानंतर त्याने दारू सोडली आणि आवाजाला भ्यायला लागला. दारू सोडल्याचं गावाने कौतुक केलं. आवाजाला भ्याल्याची चेष्टा केली. मी दोन्हींत पुढे असे.

माझ्या मनात मामाबद्दल एक अढीही होती, ती सांगायला हवी. डी.एड.च्या प्रवेशासाठी कागदपत्रं दाखवायचा शेवटचा दिवस होता. वाशीमला दुपारच्या आत पोचायचं होतं. मामा रपट्यावर उतरला, बसला, उठला. "गोटे बोलून राह्यले."

मी अक्षरशः हात जोडले. पाणी जेमतेम चाकाच्या रिमला लागेल असं दिसत होतं. आमच्या डोळ्यांदेखत एक मोटारसायकलवाला रुबाबात पार झाला आणि पल्याड जाऊन त्याने वर हॉर्न वाजवून दाखवला. मी म्हणालो, "थो गेला ना!"

"थो गेला. मी त्याच्या नशिबाचा डायवर नाही," मामा म्हणाला आणि जीप वळवली.

त्या दिवशी नदीने काहीही वाहून नेलं नाही, काडीसुद्धा नाही. तासाभरात पाणी उतरलं, तोवर माझं वर्ष गेलं होतं. वर्षभर मी मामाच्या जीपमध्ये बसलो तरी त्याच्याशी बोललो नाही. मामाने ते मनाला लावून घेतलं नाही. पुढच्या साली प्रवेश झाला, नोकरी लागली, तेव्हा स्टँडवर पहिला पेढा त्यानेच वाटला. "माह्या गाडीतला मास्तर हाये हा," असं तो अनोळखी सवाऱ्यांना सांगायचा, जणू मला त्याने रिसोडच्या बाजारातून निवडून आणलं होतं. मी हसून साजरं करायचो. अढी मात्र तशीच होती.

माझं साक्षगंध श्रावणात ठरलं. मुलीचं गाव नदीपल्याड, रपट्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडून नऊ माणसं, आणि गाडी अर्थातच मामाची. मित्रांनी हौसेने एक साउंड बॉक्स आणला होता, चार्जिंगवर चालणारा, गाईच्या वासराएवढा धडधाकट. तो माझ्या मांडीवर दिला होता. शेवटच्या बाकावर सुभद्रा आत्या, बाबांची धाकटी बहीण. तिने मला कडेवर वाढवलं होतं आणि होणाऱ्या सुनेसाठी घेतलेले पैंजण पदराच्या गाठीत बांधून ठेवले होते. दर पाच मिनिटांनी ती गाठ चाचपत होती. आकाश स्वच्छ होतं, ऊन पडलं होतं. पाऊस वरच्या अंगाला झालेला.

उतार लागला. मामाचा हात लाल दोऱ्याकडे गेला, पण टेप आधीच बंद होता. वाजत होतं ते माझ्या मांडीवर. मामा म्हणाला, "गजू, बंद कर."

मी म्हणालो, "मामा, आज तरी चूप नका म्हणू. तुमच्या चूपनं माहं एक साल खाल्लं. आता साक्षगंधबी खाता काय?"

गाडीत हशा पिकला. बाबाही हसले. आत्या म्हणाली, "लावू दे रे बापा, एकच भाचा हाये माहा." आणि मी, कोणी सांगितलेलं नसताना, आवाज आणखी चढवला. एवढंच करायला लागलं, अंगठ्याने एक गोल बटण थोडं फिरवायचं.

मामाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं. वर्षभराचा माझा अबोला त्याला दिसला असेल, असं मला आज वाटतं. तो खाली उतरला नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने कान दिला. त्या धडधडाटात त्याला काय ऐकू येणार होतं, कपाळ? पल्याड मुलीकडची माणसं काठावर जमली होती आणि हात वर करून जोरजोराने हलवत होती. "पाहा पाहा, नाचून राह्यले!" माझा एक मित्र ओरडला. आम्हाला खरंच वाटलं, आपलं गाणं तिथवर पोचलं आणि व्याही मंडळी आपल्या स्वागताला नाचताहेत. आम्हीही खिडक्यांतून हात काढून हलवले. मी पुढच्या सीटवर होतो. गाडी पाण्यात घातली तेव्हा मामाच्या पायाकडे माझं लक्ष गेलं. रबरी चपलेतला तो पाय अॅक्सिलरेटरवर ठेका धरत होता.

ती माणसं नाचत नव्हती. "थांबा, थांबा" म्हणून बोंबलत होती.

अर्ध्यावर इंजिन बंद पडलं. पाण्याने गाडीची मागची बाजू उचलली आणि जिथले चुन्याचे दगड पडलेले होते तिथून चाक खाली गेलं. पल्याडच्यांनी दोर फेकले, आम्ही खिडक्यांतून निघालो. आठ जण निघालो. मामा दोनदा परत आत गेला, तिसऱ्यांदा त्याला लोकांनी धरून ठेवलं. साउंड बॉक्स बुडेपर्यंत वाजत होता. आत्या दुपारी खालच्या वळणावर बाभळीला अडकलेली सापडली. पदराची गाठ सुटलेली नव्हती.

बाबांना बहीण गेल्याचं कारण हवं होतं, आणि दारू हे आमच्याकडे कायम तयार असलेलं कारण आहे. "पेलेला होता भडवा," असं ते अंगणात एकदा म्हणाले. एकदाच म्हणाले, पण पुरलं. संध्याकाळपर्यंत ते केनवडला पोचलं आणि दोन दिवसांत वाशीमच्या स्टँडवर. दवाखान्यात मामाची तपासणी झाली होती, दारू नसल्याचं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. पण गावाला कागद कोण वाचून दाखवणार? वाचून दाखवणारा मीच होतो, गावातला मास्तर. पोलिसांना दिलेल्या जबाबात मी लिहिलं, "चालकास पाण्याचा अंदाज आला नाही." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मास्तरकी अशा वेळी फार उपयोगी पडते.

खटला चालला, परवाना गेला, जीप भंगारात गेली. मामा स्टँडवर येऊन बसायचा, जुन्या सवयीने. तिथले लोक बोलताना त्याच्या जरा जास्तच जवळ सरकायचे. एक दिवस तो एस.टी.ने वाशीमला, माझ्या भाड्याच्या खोलीवर आला. खुर्चीच्या कडेला टेकला. चहा पुढे केला तर म्हणाला, "नको. लोक आता माह्या तोंडाचा वास घेतेत, गजू. च्या पेलो तरी घेतेत."

मी काहीबाही बोललो. त्याने हाताने थांबवलं, रपट्यावर गाडीतल्यांना चूप करायचा तसंच.

"मले सोडवू नको. चाकावर मी होतो. सुभद्राबाई माह्या हातानं गेली, थे वझं माहं. पण मी पेलो नव्हतो, एवढं चार माणसात सांगजो. आन् गाणं चालू होतं, थेबी सांगजो. माह्यासाठी नाही. बाकीचे डायवर हायेत ना, त्यायले समजलं पाह्यजे." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाणं कोनं लावलं थे सांगाची काही गरज नाही."

"सांगतो मामा," मी म्हणालो. खालपर्यंत सोडायला गेलो. पायाही पडलो.

आणि सांगितलं नाही. आधी वाटलं, आत्याचं वर्षश्राद्ध होऊ दे. मग वाटलं, बाबा आहेत तोवर नको. बाबा गेले, मग वाटलं, आता विषय जुना झाला, कशाला उकरायचा. कारणांची मला कधी टंचाई पडली नाही. खरं कारण एकच होतं. गाणं चालू होतं असं म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारणार, कोणी लावलं? मामाने मला त्या प्रश्नातून आधीच मोकळं केलं होतं, तरी मला त्याची भीती वाटत होती. माझी बायको, तीच पल्याडच्या काठावरची मुलगी, तिने लग्नानंतर एकदा विचारलं, "आमी गळा फाडून राह्यलो होतो थांबा म्हणून. गाणं एवढं मोठं कोनं केलं होतं हो?" मी म्हणालो, "पोरांनी." तिला माहीत आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही.

नदीवर आता उंच पूल झाला आहे. कठडे आहेत, दिवे आहेत. गाड्या त्यावरून गाणी बडवत, धुरळा उडवत जातात, आणि खाली नदी आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. कधी स्टेअरिंगवर एक हात आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून चालवणाऱ्या पोरांच्या शेजारी बसावं लागतं. कानाशी ढमढम चालू असते, समोरून ट्रक येत असतो, ओव्हरटेक करायचं की नाही हे ठरत असतं. कोण ठरवतं ते मला ठाऊक आहे. मी पुढच्या दांडीला घट्ट धरून बसतो आणि बंद कर म्हणत नाही. म्हटलं तर ते विचारतील, काहून? मग मला मामाची गोष्ट सांगावी लागेल, अख्खी.

गेल्या मे महिन्यात मामा गेला. स्मशान नदीच्या काठालाच, जुन्या रपट्याच्या वरच्या अंगाला. चिता पेटल्यावर आमच्याकडे दोन शब्द बोलायची पद्धत आहे. आधी गावातले एक पुढारी बोलले, भल्या मनाने बोलले. "माणूस सोन्यासारखा होता, पण दारूनं घात केला." मामी बायकांत दूर उभी होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या लोकांत फक्त माझ्याकडे. मग कोणीतरी म्हणालं, "सर, तुमी बोला. तुमी तं त्यायच्याच गाडीत शिकले."

मी बोललो. दहा मिनिटं बोललो, आणि मला बोलता येतं. मामाचा वक्तशीरपणा, मामाची सेवा, बाळंतिणीला जिवापाड जपत दवाखान्यात नेणारा मामा, पहिला पेढा वाटणारा मामा. बायका डोळे पुसायला लागल्या. सगळं खरं होतं. ते एक वाक्य ओठाशी दोनदा आलं आणि दोनदा मी त्याच्या जागी दुसरं चांगलं वाक्य टाकलं. आज हे सगळं इथे लिहितोय, त्यात काही मर्दुमकी नाही. आमच्या स्टँडवर पुस्तकं कोणी वाचत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

शेवटी मीच म्हणालो, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..."

सगळे उभे राहिले. मोबाईल बंद झाले. कोणीतरी पोराच्या तोंडावर हात ठेवला. बायांनी, कोणी सांगितलं नसताना, एका हातातल्या बांगड्या दुसऱ्या हाताने धरल्या. मामाच्या गाडीत बसलेल्या बाया होत्या त्या. नदी कोरडी पडली होती, गोटे उन्हात उघडे, जागच्या जागी. मी कान दिला. काहीही ऐकू आलं नाही. दोन मिनिटं होऊन गेली असावीत, तरी कोणी हलेना, कारण शांतता मोडायचं काम माझ्याकडे होतं. मामी अजून माझ्याकडेच बघत होती. शेजारच्याने कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, "सर, बोला ना आता."

मी तोंड उघडलं.

"ओम शांती," मी म्हणालो, आणि लोक घराकडे वळले.